रंभाच्या कॉम्प्युटरची पडवी

भाऊंच्या छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर ‘पडवी’ नावाचा एक फोल्डर होता, आणि त्यावरून रंभाची जेवढी चेष्टा झाली तेवढी तिच्या नावावरूनसुद्धा झाली नसेल. आणि नाव तर रंभा! ठेंगणी बाई, जाड भिंगांचा चष्मा, घट्ट अंबाडा, आणि वर्षानुवर्षं छपाईचे शिशाचे खिळे वेचून उजव्या हाताचं पहिलं बोट जरासं वाकडं झालेलं. गिऱ्हाईक फ्लॉपी घेऊन आलं, की तिच्यातला माल रंभा आधी पडवीत उतरवायची. झिप केलेली फाइल असली तर ती तिथंच उघडायची. आत काय काय आहे ते एकेक करून बघायची, व्हायरस तपासायची, सोबत सूचनांचा कागद असला तर तो शब्द न् शब्द वाचायची, आणि मग कशाला कुठं जागा द्यायची ते ठरवायची. गिऱ्हाईक तोवर घड्याळाकडे बघत चुळबुळ करायचं.

‘‘अहो ताई, दोन मिनिटांचं काम आणि तुमचं हे काय चाललंय?’’

‘‘पाहुणा आला तर आधी पडवीत बसवतो ना आपण?’’ रंभा मान वर न करता म्हणायची. ‘‘पाणी देतो, कुठून आलात, कोणाकडचे, विचारतो. थेट चुलीपाशी नेऊन बसवतं का कोणी?’’

लोक हसायचे. ‘काय रंभाताई, आमची फ्लॉपी पाणी प्यायली का?’ असं जाता येता विचारायचे. एरवी रंभा ऐकून घेणारी बाई नव्हे. कोळीवाड्याचं तोंड तिला, एकाचे दोन करून परत द्यायची. पण पडवीवरून कोणी बोललं की गप्प. कारण ही पडवी तिनं शहाणपणानं बांधली नव्हती, ठेच लागल्यावर बांधली होती. आणि ठेच अशी, की ऐकाल तर तुमचंही हसू मावळेल.

ठाणे स्टेशनाजवळचा चेंदणी कोळीवाडा हे रंभाचं माहेर आणि तेच सासर. इकडे भांडण झालं तर तिकडे ऐकू जायचं. खाडीतली मासळी आटत गेली तशी नवऱ्यानं, विश्रामनं, होडी विकली आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात नोकरी धरली. मुलगी मनू शाळेत जायला लागली आणि रंभाही कामाला निघाली, ती नौपाड्यात भाऊंच्या छापखान्यात. ही गोष्ट त्र्याऐंशी सालच्या आसपासची. कोळणीची पोर मासळीची पाटी सोडून छापखान्यात कसली जाते, म्हणून लोकांनी नावं ठेवली. ठेवू देत! लोकांना काय, जीभ फुकट मिळालेली असते. नववीपर्यंत शिकलेली होती, नजर तीक्ष्ण होती, आणि मांदेलीचे काटे काढणाऱ्या बोटांना खिळे काय जड?

तिथं दामाजी नावाचे जुने कंपोझिटर होते. त्यांनी तिला शिकवलं. अक्षरांचे खिळे ज्या खणाखणांच्या पेटीत ठेवतात तिला केस म्हणतात. कोणतं अक्षर कोणत्या खणात, हे बोटांना पाठ झालं पाहिजे, डोळ्यांनी शोधायचं नाही. मजकूर वाचत बसायचं नाही, अक्षर वाचायचं. बातमी मरणाची आहे का बारशाची, हे कंपोझिटरला कळलं की त्याचा हात मंदावतो, असं दामाजी म्हणायचे. आणि त्यांचा एक नियम होता. फाउंड्रीतून नवे खिळे कागदाच्या पुड्यांत बांधून यायचे. ती पुडी कोणी थेट केसवर फोडायला लागलं, की दामाजींचा आवाज मशीनच्या वर चढायचा.

‘‘रिकाम्या ताटात फोड! आधी ताटात फोड, छाप काढून बघ, आपल्या मालाशी जुळतो का बघ, मग केसमध्ये टाक. एकदा मिसळलं की निवडता निवडता म्हातारी होशील.’’

रंभानं दहा-अकरा वर्षं हा नियम पाळला. पुढे चौऱ्याण्णवला भाऊंनी कॉम्प्युटर घेतला आणि सगळे खिळे शिशाच्या भावानं मोडीत गेले. टेम्पोत पोती चढत होती तेव्हा रंभा मागच्या मोरीत जाऊन रडली. दामाजी तर त्या दिवशी आलेच नाहीत. पण रडून झाल्यावर तोंड धुवून ती भाऊंकडे गेली आणि म्हणाली, ‘‘मला त्या मशीनचा क्लास लावा.’’ सहा महिन्यांत तिची बोटं कीबोर्डवर अशी पळायला लागली, की भाऊ गिऱ्हाइकांना मुद्दाम बोलावून दाखवायचे. रिकाम्या ताटाचा नियम मात्र खिळ्यांबरोबर टेम्पोत गेला. कॉम्प्युटरला कसलं आलंय ताट?

आता आवडाबाईंबद्दल सांगायला हवं.

आवडाबाई म्हणजे रंभाची मावशी, तिच्या आईची, जनाबाईंची, थोरली बहीण. जनाबाई गेल्या तेव्हा मनू रांगत होती. तेव्हापासून रंभाला आई म्हणजे हीच. आवडाबाई कोळीवाड्यातल्या धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात चुलीच्या पूजेपासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजी येतो तो नंतर. आधी धवलारीण देवांना बोलावते, दर्याला बोलावते, मेलेल्या माणसांनाही बोलावते, मग कार्याला हात लागतो. हे सगळं तोंडी. आवडाबाईंना अक्षर म्हणून ओळखू येत नव्हतं, पण लग्न म्हटलं की एक ओळ चुकायची नाही.

पण ऐकणारं कोण होतं? मांडवात बेंजो आला, मग लाउडस्पीकर आला. आवडाबाई कोपऱ्यात धवला म्हणायच्या आणि बाहेर पोरं धिंगाणा घालायची. रंभाच्या स्वतःच्या हळदीत बेंजोवाल्यांनी असा कहर केला होता, की मावशीचे ओठ हलताना तेवढे दिसत होते. मावशी आहेच, म्हणेल, ऐकू कधीतरी, असंच सगळ्यांना वाटायचं, रंभालाही.

आणि मग सत्त्याण्णव साली एका लग्नात आवडाबाई मधेच थांबल्या. हातात तांदूळ, समोर नवरी, आणि शेजारणीला विचारतात, ‘‘कोनाचं गो लगीन?’’ बायका हसल्या. रंभा हसली नाही.

दुसऱ्याच दिवशी तिनं मावशीला गाठलं. ‘‘मावशी, तुझे धवले मी कॉम्प्युटरमध्ये घालते.’’

‘‘लगीन नसताना धवला म्हनत नाय गो बाय. देव येतात नि मांडव सापडत नाय त्यांना. हात हालवत परत जातात. बरं दिसतं काय?’’

रंभानं खूप विनवण्या केल्या. शेवटी तडजोड झाली: मांडव नाही तर नाही, पण दिवा पाहिजे आणि तांदूळ पाहिजेत. म्हणून एका रविवारी, छापखाना बंद असताना, कॉम्प्युटरच्या टेबलावर समई पेटली आणि कीबोर्डच्या बाजूला तांदळाची रास मांडली गेली. भाऊ, बिचारे सदाशिवपेठी वळणाचं बोलणारे गृहस्थ, पाण्याची बादली घेऊन दारात बसले.

‘‘रंभाबाई, आपली श्रद्धा मला मान्य आहे. परंतु पडदा पेटला तर मी आधी पाणी ओतेन आणि मग क्षमा मागेन.’’

असे चार-पाच रविवार गेले. आवडाबाई डोळे मिटून म्हणायच्या. काही दिवस सगळं सरळ यायचं, काही दिवस अडखळायच्या. कुठं नुसतंच गुणगुणायच्या, कुठं खोकायच्या, मग पुढचं कडवं धरायच्या. रंभाची बोटं थांबायची आणि परत पळायला लागायची. ती दामाजींची चेली. अक्षर वाचत होती, मजकूर नाही. चुलीचा धवला, तेलाचा धवला, पाण्याचा धवला, आणि सगळ्यात लांब आणि सगळ्यात गोड, हळदीचा. एकेका धवल्याची एकेक फाइल, आणि फाइलचं नाव त्या विधीचंच. सगळ्या एका फोल्डरमध्ये, ज्याचं नाव ‘लग्न’. एका फ्लॉपीवर त्यांची नक्कलही काढली आणि घरी नेऊन देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. झालं, आता मावशी कुठं जात नाही, असं मनाशी म्हणून ती त्या रात्री निर्धास्त झोपली.

दोन वर्षांत आवडाबाई हळूहळू गेल्याच, म्हणजे शरीर खाटेवर आणि मन खाडीपलीकडे. माणसं ओळखेनात. रंभा भाकर घेऊन गेली की विचारायच्या, ‘‘तू कोनाची गो?’’ रंभा सांगायची, ‘‘जनाची पोर, मावशी.’’ त्या मान हलवायच्या आणि पाच मिनिटांनी परत तेच. धवल्यातला शब्दही तोंडातून निघत नव्हता.

अशात मनूचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख निघाली. रंभानं ठरवून टाकलं: बेंजो नाही, लाउडस्पीकर नाही, आवडाबाईंचे धवले ती स्वतः म्हणणार. त्यांचं छोटं पुस्तक छापून बायकांच्या हातात देणार. आणि पत्रिका तर अशी करणार, की नौपाड्यानं बघत राहावं. दुनियेच्या पत्रिका हिनं केल्या, स्वतःच्या लेकीची काय साधी होणार?

तेव्हा नौपाड्यात नवाच सायबर कॅफे निघाला होता. तो चालवणारा उत्तम, मानपाड्याहून यायचा. डोळे सतत तांबारलेले, तोंडात ‘टेन्शन नका घेऊ’. त्यानं रंभाला सांगितलं, की लग्नपत्रिका करायचं एक सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतंय, मराठीतलं, वेलबुट्ट्या, कलश, नमुन्याच्या पत्रिका, सगळं एका झिपमध्ये. फोनची लाइन तीनदा तुटली, चौथ्यांदा फाइल उतरली. उत्तमनं ती फ्लॉपीवर घेतली, अँटिव्हायरसमधून काढली आणि म्हणाला, ‘‘क्लीन आहे ताई. एकदम साफ. बिनधास्त टाका.’’

आणि बरं का, खोटं नव्हतं ते. फाइल खरोखरच साफ होती. करणारा माणूसही सज्जन असणार, त्यानं आत एक सूचनांची फाइलही ठेवली होती: आधी नवा रिकामा फोल्डर करा, त्यात झिप उघडा, मगच सेटअप चालवा. रंभानं ती वाचली, पण नंतर.

त्या दिवशी छापखान्यात एक गिऱ्हाईक बिलबुकांसाठी डोक्यावर उभं होतं. रंभानं फ्लॉपी घातली, झिप उघडली. कुठं उघडू, असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि आधी जो फोल्डर वापरला होता त्याचंच नाव पुढे केलं: ‘लग्न’. बरोबरच आहे, लग्नाचंच काम, म्हणून रंभानं हो म्हटलं. मग एक चौकट आली. इंग्रजीत विचारत होती, या नावाची फाइल इथं आधीच आहे, तिच्यावर लिहू का? खाली बटणं: यस, नो, यस टू ऑल.

‘‘काय कटकट आहे ह्याची,’’ रंभा म्हणाली आणि तिनं ‘यस टू ऑल’ दाबलं.

सॉफ्टवेअर झकास चाललं हो! मनूची पत्रिका अशी झाली, की भाऊंनी ती काचेखाली लावून ठेवली. चार दिवसांनी पुस्तकाचं काम काढलं. चुलीचा धवला उघडला, होता. तेलाचा, पाण्याचा, होता. हळदीचा उघडला, तर पडद्यावर गुलाबी वेलबुट्टीची एक चौकट आणि मधे सुबक अक्षरांत: ‘अमुक आणि तमुक यांच्या हळदी समारंभाचे आग्रहाचे निमंत्रण’.

त्या सॉफ्टवेअरवाल्यानं नमुन्याच्या पत्रिकांना विधींची नावं दिली होती. चूल आणि तेल त्याच्या गावी नसेल, पण हळद कोणाच्या लग्नात नसते? दोन्ही फाइलींचं नाव एकच. नवी आली ती जुनीच्या अंगावर बसली, आणि ‘बस’ म्हणून सांगणारी रंभाच.

तिनं फाइल बंद केली, परत उघडली. अमुक आणि तमुक हजर. परत बंद केली, परत उघडली. मग धावत जाऊन उत्तमला आणलं. त्यानं तासभर खटपट केली आणि खुर्ची मागे सरकवली.

‘‘ताई, पुसलेली फाइल असती तर काढून दिली असती. वर दुसरं लिहिलं गेलंय.’’

घरी देव्हाऱ्याखालची फ्लॉपी होती. ती काढली, तर खाडीच्या दमट हवेनं आतल्या चकतीवर पांढरी बुरशी. कॉम्प्युटर घरघरला आणि ती वाचता येत नाही म्हणाला. रंभा टेबलावर डोकं ठेवून बसली. दामाजी वारून वर्ष झालं होतं, पण त्यांचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. रिकाम्या ताटात फोड! दहा वर्षं ज्या बाईनं एक पुडी थेट केसवर फोडली नाही, तिनं लेकीच्या लग्नाच्या घाईत मावशीची हळद घालवली. चोर आला असता तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. आलेला पाहुणा होता, आणि त्याला चुकीच्या जागी बसवणारी ती स्वतः होती.

भाऊंनी चहा मागवला आणि कप तिच्यापुढे ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले.

आता तुम्ही म्हणाल, स्वतः टाइप केलेलं गाणं, आठवत नाही? नाही आठवत! तेच तर दुखत होतं तिला. अक्षर न् अक्षर बोटांतून गेलं होतं आणि डोक्यात काही उतरलं नव्हतं. चाल आठवत होती, कुठं कुठं एखादी ओळ, बाकी अंधार. आणि कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटल्यावर तिनंही लक्षात ठेवायचे कष्ट घेतले नव्हते.

संध्याकाळी ती आवडाबाईंकडे गेली. खाटेच्या पायथ्याशी बसली आणि बोलून टाकलं. ‘‘मावशी, तुझी हलद घालवली गो मी. सगली घालवली.’’

‘‘तू कोनाची गो?’’ आवडाबाईंनी विचारलं.

रंभाला रडू फुटलं. रडता रडता, स्वतःचीच समजूत काढायला म्हणून, तिनं चाल धरली. जे आठवेल ते म्हणायला लागली.

‘‘पयली हलद गो दर्याला, दुसरी हलद गो देवाला...’’

फाटकन हातावर चापट बसली. रंभानं चमकून वर पाहिलं. आवडाबाईंच्या कपाळावर आठी होती, अगदी जुनी, धवला चुकवणाऱ्या पोरींसाठी राखून ठेवलेली आठी.

‘‘दुसरी हलद गो... होरीला?’’ रंभानं घाबरत म्हटलं. होडीला कोळीवाड्यात होरी म्हणतात.

चापट बसली नाही. आवडाबाईंची मान डुलायला लागली.

रंभा सावरून बसली. मावशीला ओळ सांगता येत नव्हती, पण चुकीची ओळ सोसत नव्हती! हे तर तिच्या धंद्यातलंच काम. कंपोझिटर जुळवतो, छाप काढून मुद्रितशोधकाकडे पाठवतो, तो खुणा करून परत पाठवतो, परत जुळवायचं. दुसऱ्या दिवसापासून रंभा रोज कामावरून सुटली की मावशीकडे. एक ओळ म्हणायची. चापट बसली की दुसरा शब्द. गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडून तुकडे मागून आणायची, तेही मावशीपुढे ठेवायची. कधी एका शब्दावर संध्याकाळ जायची. कधी मावशी झोपून जायची. रंभाचा डावा हात लाल व्हायचा आणि मनू म्हणायची, ‘‘आई, लग्नात बांगड्या घालायला हात ठेव गं शिल्लक.’’ तुकड्याला तुकडा लागत गेला. आता मात्र रंभा मजकूर वाचत होती, आणि घरी जाताना रस्ताभर म्हणत होती.

पत्रिका वाटून झाल्या तोवर हळद जवळजवळ पुरी झाली. एक ओळ राहिली. पहिली हळद दर्याला, दुसरी होरीला, तिसरी चुलीला. आणि चौथी?

देवाला म्हटलं, चापट. मांडवाला, चापट. नवरीला, चापट. नवऱ्याला, उंबऱ्याला, पाट्याला, वरवंट्याला. रंभानं अगदी आयला म्हणजे आईलासुद्धा म्हणून बघितलं. तिथं आवडाबाई क्षणभर थांबल्या, तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग चापट. एवढी एक ओळ काही केल्या सापडेना.

पुस्तक छापायला गेलं तेव्हा चौथ्या हळदीपुढे नुसती टिंबं होती. भाऊंनी प्रूफ वाचताना बोट ठेवलं. ‘‘रंभाबाई, इथे काहीतरी राहून गेलं आहे.’’

‘‘राहिलं नाही भाऊ, मी घालवलंय. टिंबं राहू देत. माझी चूक मला दिसू दे.’’

पडवीचा फोल्डर तिनं त्याच आठवड्यात केला. आणि धवल्यांच्या नकला तीन फ्लॉप्यांवर काढून एक टिटवाळ्याला नणंदेकडे, एक भाऊंच्या घरी आणि एक कडुलिंबाचा पाला घालून तांदळाच्या डब्यात ठेवली. पण टिंबं ती टिंबंच. त्या ओळीपाशी रोज तिचा जीव अडकायचा.

हळदीच्या दिवशी मांडवात बेंजो नव्हता. सुरुवातीला पोरांनी तोंडं वाकडी केली. मग रंभानं समई लावली, तांदूळ मांडले आणि धवला धरला, तशी बायका पुस्तकं उघडून मागे म्हणायला लागल्या, आणि मांडव शांत होत गेला. आवडाबाईंना उचलून आणून खुर्चीवर बसवलं होतं. डोळे कुठंतरी लांब. परातीत हळद कालवली गेली, तिचा ओला वास सुटला, मनू पाटावर बसली.

‘‘पयली हलद गो दर्याला,’’ रंभानं म्हटलं आणि हळदीचं पहिलं बोट बाहेर खाडीच्या दिशेनं शिंपडलं.

‘‘दुसरी हलद गो होरीला.

‘‘तिसरी हलद गो चुलीला.’’

आणि ती थांबली. टिंबं आली होती. बायकाही थांबल्या. रंभाला आता ही एक ओळ गिळून पुढे जायचं होतं, मावशीसमोर, लेकीच्या हळदीत. तिनं मान खाली घातली.

‘‘चवथी हलद गो जनाबायला.’’

आवाज खुर्चीतून आला होता, थकलेला, पण ठाम. आवडाबाई पुढे वाकल्या होत्या आणि त्यांनी परातीत हात घातला होता.

रंभाला समजायला थोडा वेळ लागला. जनाबाई. तिची आई. चौथी हळद त्या घरातल्या गेलेल्या बाईला, तिचं नाव घेऊन. घरोघरी नाव वेगळं. छापखान्यातल्या त्या टेबलावर घर कुठं होतं, म्हणून मावशी तिथं नुसतं गुणगुणून पुढे गेली होती. ती ओळ कॉम्प्युटरमध्ये कधी गेलीच नव्हती. इतके दिवस जी चूक म्हणून रंभा उराशी घेऊन हिंडत होती, ती तिथं मोकळीच जागा होती, मावशीनं ठेवलेली. बाकीची हळद तिनं घालवली होती आणि चापटा खाऊन परत आणली होती. एवढी एक ओळ घालवायला तिच्या हातात आलीच नव्हती.

आवडाबाईंनी हळदीचा हात बाहेर काढला आणि मांडवभर बघत राहिल्या. बायकांच्या तोंडांवरून नजर फिरवली, मनूवरून, रंभावरून, मांडवाच्या दारापर्यंत. कोणाला तरी शोधत होत्या. रंभाकडे नजर परत आली तेव्हा त्यांनी ‘तू कोनाची’ असं विचारलं नाही.

‘‘रंभे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुजी आय नाय आली गो अजून?’’

रंभानं त्यांचा हळदीचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या गालाला लावला.

‘‘आली मावशी,’’ ती म्हणाली. ‘‘तू बोलावलंस ना, आता आली.’’